आधी तोल बघा, मग पंख: कागदी विमानं आणि ग्लायडरबद्दल तुमचे प्रश्न

शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की या सदराकडे विमानांबद्दलची पत्रं वाढतात. यंदा काहींनी प्रश्नाबरोबर घडी घातलेलं विमानही पाकिटातून पाठवलं आहे. म्हणून हा अंक पूर्णपणे कागदी विमानं आणि हातानं सोडायची ग्लायडर (इंजिनाशिवाय तरंगत जाणारी विमानं) यांना देते आहे. मी नाशिक भागातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील ओझरच्या विमान कारखान्यात होते, त्यामुळे विमान हा विषय शाळेत सतत असायचा. आता प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाते. त्यामुळे परीक्षकाच्या टेबलापलीकडून काय दिसतं, तेही मधूनमधून सांगेन.

बाई, मी आठवीत आहे. माझं विमान हातातून सुटलं की वर चढतं, हवेत थांबल्यासारखं होतं, मग नाक खाली करून पडतं आणि पुन्हा वर येतं. असं करत करत जमिनीवर आपटतं. सर म्हणाले पंख चुकलेत. नवीन केलं तरी तेच होतं. काय करू?
— एक विद्यार्थिनी, तासगाव

पंखांना हात लावू नकोस. आधी तोल बघ. विमान दोन बोटांच्या टोकांवर पंखाखाली धर आणि बोटं पुढेमागे सरकवत ते आडवं कुठे राहतं ते शोध. तिथे निळ्या पेनानं खूण कर. हा त्याचा गुरुत्वमध्य. तुझ्या विमानात ही खूण बहुधा फार मागे आलेली असेल. नाकाला एक यू-क्लिप लाव आणि पुन्हा सोड. क्लिप अर्धा सेंटिमीटर पुढेमागे केली तरी उड्डाण बदलतं, तेव्हा घाई न करता थोडी थोडी सरकव. तरीही विमान वर चढून थांबत असेल तर पंखाच्या मागच्या कडा बघ. त्या वर वळलेल्या असतील तर अंगठ्याचं नख आणि तर्जनी यांच्यात धरून हळूच सपाट कर. दोन मिलिमीटरची वळणसुद्धा विमानाला पुरते.

सोडण्याची पद्धतही तपास. प्रत्येक विमानाचा स्वतःचा एक वेग असतो, ज्या वेगाला ते शांतपणे घसरत खाली येतं. झेरॉक्सच्या कागदाच्या रुंद पंखाच्या विमानाचा तो वेग सेकंदाला साधारण अडीच-तीन मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या दुपटीच्या आत. तू त्याहून जोरात फेकलंस तर जादाचा वेग उंचीत जातो, वर गेल्यावर वेग संपतो, मग नाक खाली. म्हणून नाक किंचित खाली करून, ढकलल्यासारखं सोड. असं सोडूनही लाटा येत असतील तरच दोष तोलाचा समज.

आता यातली खरी गंमत सांगते, कारण तुझ्या हाती न कळत एक उत्तम प्रकल्प आला आहे. विमानाच्या या वरखाली होण्याचा अभ्यास इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी ग्लायडरची छोटी मॉडेलं उडवून केला आणि १९०८ मध्ये त्याचं गणित पुस्तकरूपानं मांडलं. त्यांच्या गणितातून निघणारी गोष्ट अशी: एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत लागणारा वेळ विमानाच्या वजनावर किंवा आकारावर थेट ठरत नाही, फक्त वेगावर ठरतो. वेगाला (मीटर प्रति सेकंद) ०.४५ नं गुणलं की अंदाजे सेकंद मिळतात. तुझं विमान सेकंदाला ३ मीटर जात असेल तर एक लाट सुमारे १.३५ सेकंदांची, आणि तेवढ्यात ते ४ मीटर पुढे गेलेलं असेल. मोबाईलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढ, माथे मोज, आणि गणिताशी पडताळून बघ. कागदी विमानावर हवेचा रोध जास्त असल्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही. किती फरक पडतो आणि का पडतो, हाच तुझ्या प्रकल्पाचा प्रश्न. आधी लाटा काढणारं विमान जपून ठेव, दुसरं दुरुस्त कर. दोन्ही शेजारी मांडलीस तर परीक्षकांना दाखवायला तुझ्याकडे खूप काही असेल.

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत शिकवतो. नववीच्या मुलांना कृती-संशोधनासाठी "कागदी विमानाच्या पंखाचा आकार आणि अंतर" हा विषय घ्यायचा आहे. शाळेत प्रयोगशाळा नावापुरती आहे. मोजमाप विश्वासार्ह कसं करावं?
— एक शिक्षक

सर, विषय छान निवडलाय, आणि त्याला लागणारी प्रयोगशाळा तुमच्याकडे आहे: एक लांब खोली, खडू, मोजपट्टी आणि मोबाईल. अडचण वेगळीच आहे. मुलं दोन पंखांची तुलना करतोय असं समजून प्रत्यक्षात स्वतःच्या हाताचीच तुलना करत राहतात. एकच मूल एकच विमान लागोपाठ सोडतं तेव्हा अंतरं पाच मीटरपासून नऊ मीटरपर्यंत सहज पसरतात. त्यात एका पंखाची सरासरी ६.८ आणि दुसऱ्याची ७.२ आली, तर दुसरा पंख चांगला असं म्हणायला काहीच आधार नाही. बहुतेक तक्त्यांमध्ये मला हेच दिसतं, आणि मुलं मनापासून राबलेली असतात म्हणून जास्त वाईट वाटतं.

तेव्हा पहिलं काम हात बाजूला काढणं. दोन फूट लांबीची गुळगुळीत फळी घ्या, पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोका, दोन खिळ्यांमध्ये रबरबँड लावा. विमानाच्या पोटाच्या घडीत, नाकाजवळ, यू-क्लिप उघडून केलेला आकडा अडकवा. फळीवर दहा सेंटिमीटरवर रेघ मारा आणि आकडा दर वेळी त्या रेघेपर्यंतच ताणा. फळीचा उतार कोनमापकानं पाहून पक्का करा आणि प्रयोग संपेपर्यंत बदलू नका. रबर सैल होत जातं, म्हणून दर दिवशी सुरुवातीला आणि शेवटी एक ठरावीक "साक्षीदार" विमान सोडून बघा. त्याचं अंतर घसरलं असेल तर रबर बदला. हे साक्षीदार विमान वहीत वेगळं लिहायला सांगा; अशी एक ओळ वहीत दिसली की परीक्षक खुर्चीत पुढे सरकून बसतो.

दुसरं, जागा. मैदानावर करू नका. तीन मीटर वेगाच्या विमानाला दोन मीटर वेगाची झुळूक मागून मिळाली तर जमिनीच्या हिशेबात ते पाचनं जातं, समोरून आली तर एकनं. तेवढी झुळूक आपल्याला गालावर जेमतेम जाणवते. शाळेत सभागृह नसेल तर गावातलं मंगल कार्यालय मागा. चातुर्मासात मुहूर्त नसतात, हॉल रिकामे पडलेले असतात, आणि मुलांच्या प्रयोगासाठी म्हटलं की मालक सहसा नाही म्हणत नाहीत. पंखे बंद, खिडक्या बंद. फरश्या दोन फुटी असतील तर त्याच मोजपट्टी: रेघा मोजा, उरलेलं टेपनं. विमान जिथे जमिनीला पहिल्यांदा टेकतं तिथे खूण करा, घसरून थांबतं तिथे नाही. वेळ घ्यायचा असेल तर स्टॉपवॉच नको. डोळ्यांनी पाहून बोट दाबेपर्यंत साधारण दोन दशांश सेकंद जातात, आणि उड्डाणच दोन सेकंदांचं असतं. व्हिडिओतल्या चौकटी मोजणं कितीतरी बरं.

तिसरं, तुमच्या कोकणाचं. कागद हवेतली ओल पितो. ए-फोर आकाराचा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) कागद ५ ग्रॅमचा असतो. पावसाळ्यात तो जडही होतो आणि लिबलिबीतही. सोमवारी कोरड्या दुपारी एक पंख तपासला आणि गुरुवारी धो-धो पावसात दुसरा, तर तुलना पंखांची राहत नाही, हवामानाची होते. कागदाचं रिम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, दोन्ही विमानं एकाच दिवशी आळीपाळीनं सोडा: अ, ब, अ, ब. जमलं तर गावातल्या सोनाराकडे जाऊन तोच कागद उन्हाच्या दिवशी आणि पावसाच्या दिवशी तोलून आणा. त्या काट्यावर फरक स्पष्ट दिसतो. मुलांना स्वतःच्या गावातून मिळालेलं ते मोजमाप असतं आणि ती ते कधी विसरत नाहीत.

आणि आता विषयाच्या मुळाशी येते. पंखाचा आकार बदलला की गुरुत्वमध्यही सरकतो. टोकदार बाणासारख्या विमानाची घडी पुढे जाड होते, रुंद पंखाच्या विमानाची वेगळ्या ठिकाणी. तोल न जुळवता दोन आकारांची तुलना केलीत, तर फरक आकाराचा की तोलाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक आकाराला आधी क्लिपा पुढेमागे करून त्याचं सर्वांत शांत उड्डाण मिळवायचं, आणि मगच मोजायला सुरुवात करायची. कारखान्यातसुद्धा तयार झालेलं विमान तोलून त्याचा गुरुत्वमध्य काढल्याशिवाय आकाशात जात नाही. यासाठी पूर्ण आठवडा गेला तरी जाऊ द्या.

प्रत्येक बदलाला किमान दहा उड्डाणं घ्या आणि दहाही लिहा. भिंतीला आपटलेलं, उलटं पडलेलं, सगळं. सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतरही तक्त्यात हवं. सुबक, एकसारखे आकडे पाहून मी मुलांना मूळ वही मागते. खाडाखोड असलेली वही पुढे आली की मला आनंद होतो.

विमान जड केलं की लांब जातं ना? माझा मित्र म्हणतो हलकं पाहिजे.
— सातवीतला वाचक, परभणी

जड केल्यानं विमान वेगात जातं. लांब जातंच असं नाही. तोल तसाच ठेवून वजन दुप्पट केलंस, तर घसरण्याचा वेग सुमारे १.४ पट होतो, पण एक मीटर उंचीवरून किती मीटर पुढे जाईल हा हिशेब जवळजवळ तोच राहतो. फक्त ते लवकर पोचतं. म्हणून हवेत जास्त वेळ ठेवायचं असेल तर मित्राचं बरोबर, आणि जोरात फेकून लांब टाकायचं असेल तर तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण जड विमान फेकीचा जोर जास्त वेळ टिकवतं. माणसं बसतात त्या स्पर्धेच्या मोठ्या ग्लायडरमध्ये याच कारणासाठी पंखांत पाणी भरतात, वेग वाढावा म्हणून, आणि उतरण्याआधी ते हवेत सोडून देतात. घरी करून बघ: सारखी दोन विमानं, एकाला दोन क्लिपा जास्त, पण एक पुढे आणि एक मागे, म्हणजे तोल हलणार नाही.

मी अकरावीत आहे. शिकवणीत सांगितलं की पंखाचा वरचा भाग फुगीर असतो, वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला गाठायला ती वेगानं जाते, म्हणून वर दाब कमी होतो. पण कागदी विमानाचा पंख तर सपाट असतो. मग ते उडतं कसं?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

तुझी शंका अगदी योग्य जागी बोट ठेवते. वरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचली पाहिजे असा कोणताही नियम नाही. वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे पंखावर मुद्दाम वारा सोडून बघतात त्या नळीत, धुराच्या रेषा सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पुढे निघून गेलेली दिसते. वर दाब कमी असतो हे खरं, वेग जास्त असतो हेही खरं, फक्त त्याचं "गाठायला हवं" हे कारण खोटं. पंख थोडा तिरका असला की तो हवेला खाली वळवतो; हवा खाली ढकलली जाते, पंख वर. सपाट कागद तिरका धरला तरी हे होतं, फुगीर पंख ते अधिक चांगलं करतो एवढंच. उलटं होऊन उडणारी विमानं तू हवाई कसरतींत पाहिली असशील; त्यांतल्या ज्यांचे पंख वरून फुगीर असतात, त्यांचा तो भाग तेव्हा खाली असतो.

पण यापुढचा प्रश्न जास्त रंजक आहे: शेपूट नसलेला सपाट कागद स्थिर कसा राहतो? इथे सपाटपणाच मदतीला येतो. सपाट पातळ पंखावर हवेचं बल जिथे एकवटतं ती जागा, म्हणजे दाबकेंद्र, लहान कोनाला पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर असते. नाक जसं वर उचललं जाईल तशी ती जागा मागे, मधल्या रेषेकडे सरकते. गुरुत्वमध्य बरोबर जागी असेल तर मागे सरकलेलं बल शेपटीकडची बाजू उचलतं आणि नाक परत खाली आणतं. नाक खाली गेलं की उलटं. विमान स्वतःच स्वतःला सावरतं. फुगीर पंखात दाबकेंद्र याच्या विरुद्ध दिशेनं सरकतं, म्हणून त्याला शेपटीची गरज लागते. न्यू यॉर्क विद्यापीठात लीफ रिस्ट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी कागदाच्या सपाट पट्ट्यांच्या पुढच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून आणि पाण्याच्या टाकीत प्लास्टिकच्या चकत्या सोडून हे बारकाईनं तपासलं; तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन मध्यावर असेल तर कागद फडफडत गटांगळ्या खातो, फार पुढे असेल तर सरळ कोसळतो, आणि गुरुत्वमध्य पाव रुंदीच्या आसपास आला की शांतपणे तरंगत जातो.

हे तू आज संध्याकाळी करू शकतोस. झेरॉक्सच्या कागदाची २० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद पट्टी काप. तिचं वजन जेमतेम ०.८ ग्रॅम. विजेच्या वायरचा तुकडा सोलून आतल्या तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा काढ, २० सेंटिमीटरचा, आणि लांब कडेवर चिकटपट्टीनं बसव. मध्ये तार हलकेच वाकवून पट्टीला उथळ "व्ही" आकार दे. तारेची कड पुढे, किंचित खाली धरून सोड. सरळ कोसळली तर जुडग्यातली एक तार ओढून काढ, पुन्हा सोड. अशी एकेक तार काढत गेलास की एका क्षणी कागद खोलीभर तरंगत जाईल, आणि आणखी काढल्यास गटांगळ्या सुरू होतील. प्रत्येक टप्प्याला पट्टी सुरीच्या धारेवर ठेवून तोल कुठे आहे ते मोज. तुझ्या शिकवणीतल्या सरांनाही दाखव. त्यांनाही आवडेल.

माझा मुलगा पाचवीत आहे. शाळेत कागदी विमान लांब उडवण्याची स्पर्धा आहे. जागतिक विक्रम केलेल्या विमानाची घडी नेटवर मिळते. ती करून द्यावी का? कितपत उपयोग होईल?
— एक पालक, कल्याण

दाखवा जरूर, करून देऊ नका. विक्रमांकडे बघितलं तर त्याचं कारण कळेल. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात जॉन कॉलिन्स यांचं विमान ६९.१४ मीटर गेलं. घडी कॉलिन्सची होती, पण फेकणारा जो अयूब हा कॉलेजमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळलेला होता. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतच डिलन रुबल आणि त्याच्या साथीदारांनी ८८.३१ मीटरचा विक्रम केला, तोही बाणासारख्या विमानानं आणि भरपूर ताकदीच्या फेकीनं. पाचवीतल्या मुलाच्या दंडात तो जोर नाही. त्या घडीचं विमान त्याच्या हातून कदाचित शेजारच्या मुलाच्या साध्या विमानापेक्षा कमी जाईल, आणि दोष कुणाचा हे त्याला कळणारही नाही. हवेत जास्त वेळ राहण्याचा विक्रम वेगळा आहे. जपानच्या ताकुओ तोदा यांनी २०१० मध्ये २९.२ सेकंद केले, आणि त्या विमानाचे पंख रुंद होते. म्हणजे लांब जाणारं आणि जास्त वेळ टिकणारं, ही दोन निराळी विमानं.

त्याच्या हाताला शोभेल असं मधल्या रुंदीचं विमान त्याला करू द्या. तुम्ही एवढंच बघा की मधली घडी अगदी बरोबर मध्यावर आहे, दोन्ही पंख एकावर एक ठेवले की कडा जुळतात, आणि प्रत्येक घडीवरून पट्टीची कड दाबून फिरवली आहे. मग दोघं मिळून इमारतीच्या पार्किंगमध्ये पहाटे वारा नसताना सराव करा. दर वेळी किती पावलं गेलं हे त्यानंच वहीत लिहायचं. मी परीक्षक असते तेव्हा सुंदर विमान हातात घेऊन मुलाला विचारते, "ही घडी का घातलीस?" स्वतः केलेलं मूल लगेच बोलायला लागतं, थांबतच नाही. दुसऱ्यानं करून दिलेलं असलं की ते मागे उभ्या आईबाबांकडे बघतं, आणि त्या क्षणी मला त्या लेकराचं फार वाईट वाटतं.

आम्ही तीन मैत्रिणी दहावीत आहोत. बांबूच्या कामटीचा सांगाडा आणि कार्डशीटचे पंख वापरून ग्लायडर बनवतोय, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ३० सेंटिमीटर. ते दर वेळी डावीकडे वळून कोसळतं. बाल्सा लाकूड आमच्याकडे मिळत नाही. काय करावं?
— विद्यार्थिनी, वाई

बाल्सासाठी थांबू नका. पतंगवाल्याकडची कामटी उत्तम. तिच्यातल्या सारख्या जाडीच्या निवडा आणि पॉलिश पेपरनं घासून घ्या. फक्त एक सावधगिरी: पुढे कधी थर्माकोल वापरलात तर त्याला फेविक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतो. तिथे फेविकॉल लावून रात्रभर वाळू द्या.

आता डावं वळण. ग्लायडर टेबलावर ठेवा, मागे जमिनीवर बसा आणि एक डोळा मिटून पंखाच्या मागच्या कडेच्या पातळीत बघा. उजव्या पंखाची मागची कड डाव्यापेक्षा थोडी खाली झुकलेली दिसेल, असा माझा अंदाज आहे. ती बाजू जास्त उचलली जाते आणि विमान डावीकडे कलंडतं. फेविकॉलमधलं पाणी कार्डशीट पिते आणि वाळताना पंखाला पीळ बसतो, तिथून ही भानगड सुरू होते. म्हणून चिकटवल्यावर पंख काचेखाली किंवा जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवायचे. कार्डशीटला धागाही असतो: एका दिशेनं सहज वाकते, दुसऱ्या दिशेनं नाही. दोन्ही दिशांच्या पट्ट्या कापून टेबलाच्या कडेवरून बाहेर लोंबू द्या, कमी लोंबते ती दिशा पंखाच्या लांबीत ठेवा.

पीळ नसेल तर वजन बघा. नाक आणि शेपूट दोन बोटांवर टेकवून ग्लायडर धरा. डावा पंख खाली जात असेल तर उजव्या टोकाला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. नंतर पंखांना वरच्या बाजूला उथळ "व्ही" द्या, टोकं मध्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच. मग कलंडलेलं ग्लायडर स्वतः सावरायला लागतं. पंखाची पुढची कड किंचित उचललेली आणि शेपूट तिच्या मानानं सपाट ठेवा. ही युक्ती फ्रान्सच्या अल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये रबरावर चालणाऱ्या छोट्या मॉडेलमध्ये वापरली होती. पॅरिसच्या बागेत ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडालं. आणि नाकाजवळ मुलांच्या खेळातल्या क्लेचा गोळा असा लावा की तो सरकवता येईल. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये काठीवर पतंग बांधून केलेल्या ग्लायडरमध्ये असंच सरकणारं वजन होतं. गोळा सरकवत तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश रुंदीवर आणा, आणि तिथून पुढचे सगळे बदल एका वेळी एकच.

हे सगळं करून थोडं डावं वळण उरलं तर ते राहू द्या. ऊन चढल्यावर वर जाणाऱ्या उबदार हवेत टिकून राहावं म्हणून मोकळं सोडायचं ग्लायडर मुद्दामच मोठ्या गोलात फिरेल असं जुळवतात. पाच-सहा मीटर त्रिज्येचा मोठा, आडवा गोल चालेल, नाक खाली करणारा घट्ट गोल नको. शिवाय तुमच्या मैदानाला लागून शेतं असतील, तर गोल फिरणारं ग्लायडर उसात शोधायला जावं लागत नाही.